वेबसाइटचा मथळा कसा लिहावा: ८ पायऱ्या आणि नेहमीच्या चुका

लेख चांगला असतो, माहिती बरोबर असते आणि तरीही पान कोणी उघडत नाही. बहुतेक वेळा कारण मथळ्यात असते. मराठी वेबसाइटवर ही अडचण जास्त येते. मथळा लिहिण्याचे बहुतेक नियम इंग्रजीसाठी तयार झाले आहेत आणि ते मराठीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. मराठीत क्रियापद शेवटी येते, ‘नाही’ त्याच्याही नंतर येतो, विभक्ती लागली की शब्दाचे रूप बदलते आणि एकच अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येते. पुढचा क्रम या गोष्टी धरून मांडला आहे. पायऱ्यांची अदलाबदल करू नका. तिसऱ्या पायरीचे काम पाचवीत केले तर आधीची मेहनत पुन्हा करावी लागते.

शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. वडिलांच्या निधनानंतर शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे कशी लावायची, हे सांगणारा लेख आहे. त्याचा पहिला मथळा असा:

‘वडिलांच्या निधनानंतर शेतजमिनीच्या सातबारा उताऱ्यावर वारसांची नावे लावण्याविषयी संपूर्ण माहिती जाणून घ्या’

यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरीही फोनवर ‘वडिलांच्या निधनानंतर शेतजमिनीच्या सातबारा…’ इथपर्यंतच दिसले, तर आत काय आहे याचा पत्ता लागत नाही.

## पायरी १: आधी लेख, मग एक ओळ, मग मथळा

लेख पूर्ण होण्याआधी मथळा पक्का करू नका. कामचलाऊ मथळा ठेवायला हरकत नाही, पण तो कामचलाऊ आहे हे लक्षात ठेवा. आधी ठरवलेला मथळा आणि लिहून झालेला लेख यांत अंतर पडतेच. लिहिताना एखादा मुद्दा गळतो, एखादा नवा येतो आणि मथळा मात्र जुन्याच लेखाचा राहतो.

लेख झाला की कागदावर तीन उत्तरे लिहा:

1. हे पान कोणासाठी आहे? ‘सर्वांसाठी’ हे उत्तर चालणार नाही. उदाहरणातले उत्तर: ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे आणि जमीन मृताच्या नावावर आहे, असा वारस.
2. तो आत्ता कुठे अडला आहे? अर्ज कुठे करायचा, कोणती कागदपत्रे लागतात आणि किती दिवस थांबायचे, हे त्याला माहीत नाही.
3. पान वाचून झाल्यावर त्याला काय करता येईल? ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर किंवा तलाठी कार्यालयात अर्ज देता येईल, आणि नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवस थांबावे लागते हे त्याला कळलेले असेल.

आता या तिन्हींची एक ओळ करा: ‘वारसाला सातबाऱ्यावर नाव लावायचे आहे, अर्ज, कागदपत्रे आणि हरकतीची मुदत इथे मिळेल.’ हा अजून मथळा झालेला नाही, कच्चा माल आहे.

तपासणी: ही ओळ लिहिता येत नसेल तर दोष लेखात आहे. बहुधा एका पानात दोन विषय कोंबलेले असतात. वारसनोंद आणि वाटणीपत्र असे दोन्ही एकाच लेखात असतील, तर कोणताही मथळा त्याला पुरा पडणार नाही. लेखाचे दोन भाग करा.

## पायरी २: वाचकाच्या तोंडचा शब्द शोधा

कार्यालय वापरते तो शब्द आणि माणूस टंकतो तो शब्द क्वचितच एक असतो. तलाठ्याचे पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे, पण गावात आजही ‘तलाठी’च म्हणतात आणि शोधतानाही तेच लिहितात. कागदावर ‘अधिकार अभिलेख’ असते, तोंडी ‘सातबारा’. मथळ्यात तोंडचा शब्द घ्या आणि अधिकृत शब्द पहिल्या परिच्छेदात एकदा आणा. म्हणजे कार्यालयात गेल्यावर वाचक गोंधळणार नाही.

शब्द शोधण्याचा क्रम असा ठेवा:

- गूगलच्या शोधपट्टीत विषयाचा पहिला शब्द मराठीत टंका आणि खाली येणाऱ्या सूचना लिहून घ्या. मग तोच शब्द रोमन लिपीत टंका. पुष्कळ मराठी माणसे मराठी शब्द रोमन अक्षरांत शोधतात आणि तिथे सूचना वेगळ्या येतात.
- निकालांच्या पानावर लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची चौकट असेल तर ते प्रश्न जसेच्या तसे उतरवा. शब्दांचा क्रमही बदलू नका.
- वेबसाइट जुनी असेल तर गूगल सर्च कन्सोल या वेबसाइटचालकांसाठीच्या साधनातल्या कामगिरीच्या अहवालात ‘क्वेरी’, म्हणजे लोकांनी टंकलेले शोधशब्द, पाहा. त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचा तपशील मिळतो. लोक कोणत्या शब्दांनी तुमच्याकडे आले याचा याहून खात्रीचा पुरावा नाही.
- लोक फोनवर किंवा समोर बसून जे विचारतात ते आठवा. ‘साहेब, वडिलांच्या जागी आमची नावं लावायची आहेत’ या एका वाक्यात ‘नाव लावणे’ हा शब्दप्रयोग फुकट मिळतो.

या यादीतून एक मुख्य शब्द आणि जास्तीत जास्त एक जोडशब्द निवडा. इथे मुख्य ‘वारसनोंद’ आणि जोडीला ‘सातबारा’. ‘वारसनोंद’ एकत्र आणि ‘वारस नोंद’ तोडून असे दोन्ही लिहिले जाते. मथळ्यात एक रूप घ्या आणि दुसरे पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. दोन्ही मथळ्यात कोंबू नका.

गावाशहरांची नावे बदलली असतील तरी हाच नियम. मथळ्यात आजचे नाव लिहा. जुन्या नावाने शोधणाऱ्यासाठी ते मजकुरात एकदा असू द्या.

## पायरी ३: मुख्य शब्द एकदा तरी मूळ रूपात ठेवा

इंग्रजी मार्गदर्शकांत ही पायरी सापडत नाही, कारण इंग्रजीत ही अडचणच नाही. मराठीत प्रत्यय लागला की नामाचे सामान्यरूप होते आणि पुष्कळदा शब्द ओळखू न येण्याइतका बदलतो. ‘कापूस’चे ‘कापसाला’, ‘गहू’चे ‘गव्हावर’, ‘विहीर’चे ‘विहिरीसाठी’, ‘ऊस’चे ‘उसाची’, ‘सातबारा’चे ‘सातबाऱ्यावर’.

वाचक शोधताना बहुधा ‘कापूस बोंडअळी’ असे नुसते शब्द टंकतो. मथळा ‘कापसावरील बोंडअळीच्या नियंत्रणासाठीचे उपाय’ असा असेल तर त्याने टंकलेला एकही शब्द त्याच रूपात त्याला दिसत नाही. शोधयंत्र अर्थ लावून पान दाखवीलही. पण निकालांची यादी माणूस वाचत नाही, त्यावरून नजर फिरवतो, आणि नजर आपण लिहिलेला शब्दच शोधत असते.

उपाय सोपा आहे. मुख्य शब्द मूळ रूपात आधी ठेवा, त्यापुढे अपूर्णविराम द्या आणि मग बाकीचे लिहा:

- ‘कापूस बोंडअळी: कामगंध सापळे कधी आणि किती लावावेत’
- ‘विहीर दुरुस्ती: खर्च, परवानगी आणि कामाचा क्रम’
- ‘ऊस खोडवा: पाचट न जाळता खत कसे द्यावे’

सावधान: मूळ रूपाचा आग्रह धरून व्याकरण मोडू नका. ‘सातबारा वर नाव लावणे’ असे प्रत्यय तोडून लिहिलेले मथळे सगळीकडे दिसतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो. एकतर ‘सातबाऱ्यावर’ लिहा, नाहीतर ‘सातबारा’ वेगळा ठेवून पुढे अपूर्णविराम द्या.

## पायरी ४: वजन पुढे आणा

मराठी वाक्यात विशेषणे आणि कृदंते नामाच्या आधी येतात आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. त्यामुळे मुद्दा आपोआप शेपटाकडे जातो, आणि फोन कापतो ते शेपूटच.

सर्वांत मोठा धोका नकाराचा आहे. हा मथळा पाहा:

‘बँकेतून बोलतो असे सांगून फोन करणाऱ्या अनोळखी व्यक्तीला ओटीपी सांगू नका’

यातला ‘नका’ कापला गेला तर उरते ते ‘…व्यक्तीला ओटीपी सांगू’. सूचनेचा अर्थच उलटतो. औषधे, पैसे, वीज, कीटकनाशके आणि अर्जांच्या मुदती यांच्या मथळ्यांत हे कधीही होऊ देऊ नका. नकार पहिल्या चार-पाच शब्दांत आणा: ‘ओटीपी कोणालाही सांगू नका: बँकेच्या नावाने येणारे फोन कसे ओळखावेत’. ‘बंद’, ‘रद्द’, ‘टाळा’, ‘नको’, ‘अपात्र’ हे शब्द इथे कामाला येतात, कारण ते एका शब्दात नकार सांगतात आणि पुढे ठेवता येतात. ‘या कार्डावर धान्य मिळणार नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘धान्य बंद: कोणत्या कार्डांवर आणि का’ असे लिहा.

दुसरा धोका लांबलचक विशेषणाचा. ‘अतिवृष्टीमुळे जमीन खरडून गेलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी भरपाईचा अर्ज’ यात वाचकाला हवा असलेला ‘अर्ज’ सगळ्यांच्या शेवटी येतो. नाम पुढे काढा: ‘भरपाई अर्ज: जमीन खरडून गेली असेल तर काय जोडावे’.

किती लांब ठेवायचे? टायटलच्या, म्हणजे शोधनिकालात दिसणाऱ्या मथळ्याच्या, लांबीला गूगलने मर्यादा घातलेली नाही, पण पडद्याच्या रुंदीत जेवढे मावते तेवढेच दिसते. ही रुंदी पिक्सेलमध्ये मोजली जाते. म्हणून ‘६० कॅरेक्टर’ हा इंग्रजी नियम मराठीला लावू नका. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर आहे, पण संगणकाच्या हिशेबात त्याचे सहा संकेत, म्हणजे कोड, होतात. मथळ्याची लांबी मोजणाऱ्या प्लगइनने, म्हणजे वेबसाइटला जोडलेल्या साधनाने, लाल रंग दाखवला म्हणून मराठी मथळा लांब झाला असे होत नाही, आणि हिरवा दाखवला म्हणून तो बसला असेही नाही. कामापुरते माप असे धरा: दिसणारी अक्षरे मोजा, जोडाक्षर एकच धरा, मथळा २५ ते ४० अक्षरांत बसवा आणि मुख्य अर्थ पहिल्या १५ अक्षरांत आणा.

आपले उदाहरण इथपर्यंत असे झाले:

‘सातबारा वारसनोंद: अर्ज, कागदपत्रे आणि हरकतीची मुदत’

ही २६ अक्षरे झाली. ‘वारसनोंद’ नवव्या अक्षराला पूर्ण होते. मागचे सगळे कापले गेले तरी विषय कळतो.

तपासणी: मथळ्याचे पहिले पाच शब्द ठेवून बाकीचे हाताने झाका. अर्थ उलटला किंवा विषय कळेनासा झाला, तर ही पायरी पुन्हा करा.

## पायरी ५: भरताड काढा, दुहेरी अर्थ मोडा

आधी भरताड. ‘जाणून घ्या’, ‘वाचा सविस्तर’, ‘संपूर्ण माहिती’, ‘मोठी बातमी’, ‘महत्त्वाची अपडेट’, ‘याविषयी’, ‘संदर्भात’, ‘बाबत’. हे शब्द कोणत्याही विषयाच्या मथळ्याला चिकटवता येतात, म्हणून ते काहीच सांगत नाहीत. ‘संपूर्ण माहिती’ काढून त्या जागी आत जे आहे त्याची नावे लिहा. आपण ‘अर्ज, कागदपत्रे आणि हरकतीची मुदत’ लिहिले ते याचसाठी.

‘हे एक काम केले नाही तर पस्तावाल’ अशी माहिती लपवणारी वाक्ये विचारपूर्वक टाळा. ज्याला उद्या सकाळी तहसील कार्यालयात जायचे आहे त्याच्याशी लपाछपी खेळणे बरे नव्हे. शिवाय असा वाचक एकदा फसला की पुढच्या वेळी तुमचे नाव पाहून पुढे सरकतो.

मग दुहेरी अर्थ. मराठी मथळ्यात सगळ्यात जास्त घात षष्ठी करते. ‘पोलिसांची मारहाण’ म्हणजे पोलिसांनी मारले की पोलिसांना मारले? ‘डॉक्टरांची फसवणूक’ यात फसवले कोणी? लिहिणाऱ्याला घटना माहीत असते, म्हणून दुसरा अर्थ त्याला दिसत नाही. ‘चा-ची-चे’ नंतर क्रिया दाखवणारे नाम आले की थांबा आणि ‘ना’ किंवा ‘कडून’ घाला: ‘पोलिसांना मारहाण’, ‘डॉक्टरांकडून फसवणूक’. बातमीच्या मथळ्यात हा फरक कोणाच्या तरी अब्रूचा असतो.

काळाचे शब्दही इथेच तपासा. ‘आज’, ‘उद्या’, ‘नुकतेच’, ‘आता’ हे शब्द छापील अंकात दिवसभर खरे असतात, वेबपानावर दुसऱ्या दिवशी खोटे ठरतात. ‘उद्या पाणीपुरवठा बंद’ हे पान आठवडाभराने कोणी पुढे पाठवले तर घराघरांत हंडे भरले जातील. ‘१४ मार्चला पाणी बंद: सकाळी ९ ते रात्री ९’ असा मथळा लिहिला की ही भीती राहत नाही.

वर्षाचा आकडा मात्र सवयीने लावू नका. दर वर्षी बदलणारे दर, तारखा किंवा नियम लेखात असतील तरच तो घ्या, आणि मग दर वर्षी लेख खरोखर सुधारा. मजकूर जुनाच ठेवून मथळ्यातला आकडा तेवढा बदलणे ही वाचकाची फसवणूक आहे.

‘५ चुका’, ‘७ उपाय’ असे आकडे प्रसिद्ध करण्याआधी मोजा. संपादनात एक मुद्दा गळतो आणि मथळ्यात सात राहतात, हे फार वेळा होते. प्रश्नार्थक मथळा चालतो, पण प्रश्न वाचकाचा असावा आणि उत्तर पहिल्या परिच्छेदात असावे.

## पायरी ६: अक्षर न अक्षर तपासा

मथळ्यातली चूक मजकुरातल्या चुकीपेक्षा दूरवर जाते, कारण ती शोधनिकाल, व्हॉट्सॲप, ब्राउझरची पट्टी अशी सगळीकडे उमटते. ‘माहीती’, ‘दुरूस्ती’, ‘नविन’ असे लिहिलेला मथळा पाहून जाणता वाचक आतल्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. बरोबर रूपे ‘माहिती’, ‘दुरुस्ती’, ‘नवीन’.

ऱ्हस्व-दीर्घाखेरीज चार ठिकाणी हमखास पाहा:

1. अपूर्णविराम की विसर्ग? ‘वारसनोंदः’ आणि ‘वारसनोंद:’ डोळ्याला जवळजवळ सारखे दिसतात. पहिल्यात विसर्ग आहे, म्हणजे तो त्या शब्दाचाच भाग झाला आणि शब्द बदलला. मराठी कळफलकावर विसर्गाची कळ सहज दाबली जाते. अपूर्णविरामासाठी विरामचिन्हांचे पान उघडा. त्याच्या आधी जागा सोडू नका, नंतर एक जागा सोडा.
2. ‘ऱ्य’ की ‘र्य’? ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ दिलेले निमंत्रण वेगवेगळ्या घरी पोचते. ‘सातबार्यावर’ आणि ‘शेतकर्यांना’ ही रूपे चुकीची आहेत. काही कळफलकांवर ‘ऱ्य’ निराळ्या संकेतांनी तयार होतो आणि मध्ये न दिसणारा जोडक राहतो. सगळ्या वेबसाइटवर एकच पद्धत ठेवा.
3. ‘ॲ’ एक अक्षर की दोन? ‘ॲप’मधला ‘ॲ’ स्वतंत्र संकेताने लिहिता येतो, किंवा ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही. दिसायला दोन्ही सारखे, पण साधा शब्दशोध त्यांना वेगळे धरू शकतो.
4. जुन्या फॉन्टमधून आलेला मजकूर. श्रीलिपी किंवा तशा फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे वेबवर चालणाऱ्या आजच्या संकेतपद्धतीत, बदलला की रफार एक अक्षर मागेपुढे जातो, नको तिथे पाय मोडलेला राहतो. असा मथळा दुरुस्त करत बसू नका, नव्याने टंका.

आकडे देवनागरी की रोमन, हे वेबसाइटभर एकदाच ठरवा. अर्जाचे किंवा नमुन्याचे नाव असेल तर कागदावर जसे छापलेले असते तसेच लिहा.

सावधान: संगणकाकडून भाषांतर करून घेतलेला मथळा या पायरीत चाळून सुटत नाही. त्यातला शब्दक्रमच परका असतो. पायरी १ मधली ओळ समोर घ्या आणि मथळा मराठीत पुन्हा रचा.

## पायरी ७: एक मथळा, चार जागा

लेखाच्या डोक्यावर दिसतो तोच मथळा, असे समजून बहुतेक जण इथे थांबतात. प्रत्यक्षात चार जागा आहेत.

एच-वन. पानावर दिसणारा मथळा. इथे वाचक येऊन पोचलेला असतो, म्हणून थोडी मोकळी भाषा चालते: ‘सातबाऱ्यावर वारसांची नावे: अर्ज कुठे, कागदपत्रे कोणती, थांबायचे किती’. एका पानावर असा मुख्य मथळा एकच ठेवा. डोळ्यांनी न पाहता स्क्रीन रीडरने वाचणारे लोक मथळ्यांवरून उड्या मारत पान ऐकतात. अक्षर मोठे दिसावे म्हणून कोणत्याही ओळीला मथळ्याचा टॅग लावला की त्यांची वाट चुकते.

टायटल टॅग. शोधनिकालात आणि ब्राउझरच्या टॅबवर दिसतो. चौथ्या पायरीत तयार झालेला मथळा इथे घाला. वेबसाइटचे नाव द्यायचे असेल तर शेवटी आणि थोडक्यात द्या, आधी कधीही नाही. हे टायटल गूगल जसेच्या तसे दाखवीलच असे नाही. ते अर्धवट असेल, सगळ्या पानांवर तेच ते असेल, त्यातले वर्ष जुने असेल, किंवा पान मराठीत आणि टायटल इंग्रजीत असेल, तर गूगल एच-वन किंवा पानावरचा दुसरा मजकूर उचलू शकते. टायटल आणि एच-वन एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील तर बदल होण्याची शक्यता कमी राहते.

ओजी टायटल. व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर दुवा टाकला की चौकटीत दिसतो. ही जागा रिकामी ठेवली तर टायटल टॅग उचलला जातो आणि वेबसाइटचे नाव त्यात नाहक घुसते. ओळखीच्या माणसाने पाठवलेला दुवा असतो, म्हणून इथे बोलीजवळचा मथळा चांगला लागू पडतो: ‘सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची आहेत? हे कागद आधी जमवा’.

स्लग. पत्त्याचा शेवटचा तुकडा. वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीत मराठी मथळा दिला की स्लगही देवनागरीत तयार होतो. साठवताना प्रत्येक देवनागरी संकेताची नऊ चिन्हे होतात आणि स्लगसाठी जागा २०० चिन्हांचीच असते. म्हणजे जेमतेम २२ संकेत मावतात आणि त्यात मात्रा-वेलांट्याही मोजल्या जातात. ‘सातबाऱ्यावर वारसनोंद कशी करावी’ एवढ्यातलेही ‘करावी’ गळून जाते. शिवाय असा पत्ता कॉपी करून चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोक ती संशयाने पाहतात. स्लग हाताने, रोमन लिपीत, तीन ते पाच शब्दांचा लिहा. त्यात वर्ष घालू नका.

सावधान: प्रसिद्ध झाल्यावर मथळा बदला, पण स्लग बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावा. नाहीतर आधी पाठवलेले सगळे दुवे मरतात.

दिसण्याबद्दल दोनच गोष्टी. मथळ्याच्या अक्षरांत वाढीव अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, देऊ नका. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते. आणि ओळींमधले अंतर इंग्रजी थीमप्रमाणे अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात. ते १.४ ते १.५ करा.

लेखातल्या उपमथळ्यांनाही पायऱ्या ३ ते ६ लागू आहेत. ‘प्रस्तावना’, ‘इतर माहिती’, ‘महत्त्वाचे’ असे उपमथळे काढा. ‘मृत्यूचा दाखला नसेल तर’ असा एक उपमथळा तीन परिच्छेदांचे काम करतो.

## पायरी ८: फोनवर पाहा, मग सोडा, मग आकडे वाचा

प्रसिद्ध करण्याच्या आधी:

- मसुदा साध्या, लहान पडद्याच्या फोनवर उघडा. मथळा तीन ओळींच्या पुढे जात असेल तर छाटा. एकच शब्द शेवटच्या ओळीत लटकत असेल तर आधीचा एखादा शब्द बदला.
- मथळा मोठ्याने वाचा. एका श्वासात होत नसेल तर तो लांब आहे.
- लेख न वाचलेल्या कोणालाही फक्त मथळा दाखवून विचारा, ‘आत काय असेल?’ उत्तर पायरी १ मधल्या ओळीशी जुळले पाहिजे. न जुळल्यास समजावून सांगत बसू नका, मथळा बदला. हजारो वाचकांना समजावायला तुम्ही शेजारी नसता.
- व्हॉट्सॲपवर स्वतःलाच दुवा पाठवून चौकट पाहा. ही तपासणी आधीच करायला हवी, कारण एकदा पाठवलेल्या संदेशातली चौकट नंतर बदलत नाही. चुकीचा मथळा दहा गटांत गेला की तो तसाच फिरत राहतो. फेसबुकसाठी त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये दुवा घालून चौकट नव्याने उचलायला लावता येते.

प्रसिद्ध झाल्यावर लगेच मथळा हलवू नका. २८ दिवस जाऊ द्या. मग सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचे चार आकडे एकत्र पाहा: किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले, त्याचे प्रमाण आणि सरासरी क्रमांक.

क्रमांक वरचा, दिसणे भरपूर, पण उघडणारे कमी: मथळा कमजोर आहे. पायरी ४ पासून पुन्हा करा. क्रमांकच तिसऱ्या-चौथ्या पानावरचा: मथळा बदलून उपयोग नाही, कारण तो कोणी पाहतच नाही. आधी मजकूर सुधारा. उघडणारे पुष्कळ, पण लोक काही सेकंदांत परत जातात, हे तुमच्या वेबसाइटच्या वाचकमोजणीत दिसेल. त्याचा अर्थ मथळ्याने कबूल केलेले लेखात नाही, किंवा फार खाली आहे. उत्तर वर आणा. आणि क्वेरींच्या यादीत तुम्ही न निवडलेला शब्द सगळ्यात वर असेल, तर दुसऱ्या पायरीत चूक झाली आहे. लोकांनी योग्य शब्द तुम्हाला लिहून दिला आहे, तोच घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख टिपून ठेवा. मथळा, पहिला परिच्छेद आणि चित्र एकाच दिवशी बदलले तर फरक कशाने पडला हे कळत नाही. पुढचे २८ दिवस मागच्या २८ दिवसांशी ताडून पाहताना हंगामही धरा. खोडव्याचा लेख ऊसतोडीच्या दिवसांत आपोआप जास्त वाचला जातो. त्याचे श्रेय नव्या मथळ्याला देऊ नका.